खेळाडूचे स्थान आणि शारीरिक श्रम : अमेरिकेतील मुलींच्या सहा खेळाडूंच्या बास्केटबॉलचा इतिहास

प्रस्तावना

बास्केटबॉलमध्ये गार्ड, फॉरवर्ड आणि सेंटर या स्थानांवरील खेळाडूंकडून भिन्न शारीरिक क्षमतांची अपेक्षा केली जाते. गार्ड चपळ असावा, सेंटर उंच व धक्के सोसणारा असावा, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. कुमारवयीन खेळाडूंची निवड व प्रशिक्षणही बहुधा याच धोरणाने होते. परंतु हा भेद केवळ शरीररचनेतून निर्माण होत नाही. खेळाचे नियमही तो घडवितात. अमेरिकेतील शालेय मुलींचा सहा खेळाडूंचा बास्केटबॉल हे त्याचे ठळक उदाहरण होय.

नियमांचा उगम

जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे या खेळाचा प्रारंभ केला. पुढच्याच वर्षी जवळच्या नॉर्थॅम्प्टन येथील स्मिथ महाविद्यालयातील व्यायामशिक्षिका सेंडा बेरेन्सन यांनी तो विद्यार्थिनींना शिकविण्यास सुरुवात केली. अतिश्रम व धक्काबुक्की स्त्रियांच्या प्रकृतीस अपायकारक असतात, अशी त्या काळी समजूत होती. त्यामुळे त्यांनी मैदानाचे तीन विभाग केले. खेळाडूने आपला विभाग ओलांडावयाचा नाही आणि प्रतिस्पर्ध्याच्या हातातील चेंडू हिसकावयाचा नाही, असे नियम घातले. १९३८ मध्ये तीन विभागांऐवजी दोन विभाग झाले आणि प्रत्येक संघात तीन फॉरवर्ड व तीन गार्ड अशी रचना रूढ झाली.

स्थाननिहाय श्रमविभागणी

या रचनेत फॉरवर्डने केवळ गुण नोंदवावयाचे आणि गार्डने केवळ बचाव करावयाचा, असा दंडक होता. मध्यरेषा कोणीही ओलांडत नसे. आयोवा राज्यातील शालेय सामन्यांत चेंडू दोनदाच ड्रिबल करता येई. परिणामी फॉरवर्डला जागच्या जागी वळणे, झटपट पास देणे व अचूक फेक यांचा सराव घडे. गार्डला बाजूला सरकणे, उडी मारणे व चेंडू अडविणे यांचा. चेंडू दुसऱ्या अर्ध्या भागात असताना मात्र तिघीजणी रेषेपाशी उभ्या राहून खेळ पाहत. संपूर्ण मैदानभर धावण्याचा दमसास कोणाचाच कसाला लागत नसे, आणि गार्डला गुण नोंदविण्याची संधीच नसे.

तथापि या खेळाला केवळ बंधन म्हणणे अन्यायाचे ठरेल. आयोवात १९२० पासून मुलींची राज्यस्तरीय स्पर्धा होत असे आणि लहान गावांतील मुलींना तिने मोठी प्रतिष्ठा दिली. १९६८ मध्ये डेनिस लाँग या फॉरवर्डने एकाच सामन्यात १११ गुण नोंदविले.

परिवर्तन

१९७१ मध्ये महाविद्यालयीन महिलांसाठी पाच खेळाडूंचा पूर्ण मैदानी खेळ स्वीकारला गेला. १९७२ मध्ये शिक्षणसंस्थांतील लिंगभेदास प्रतिबंध करणारा ‘टायटल नाइन’ हा कायदा आला. आता शालेय गार्डपुढे प्रत्यक्ष हानीचा प्रश्न उभा राहिला. जिने कधी बास्केटमध्ये चेंडू टाकलाच नाही, तिला महाविद्यालयीन शिष्यवृत्ती कशी मिळावी? १९७६ मध्ये टेनेसी राज्यातील एका गार्ड खेळाडूच्या दाव्यात जिल्हा न्यायालयाने तिच्या बाजूने निर्णय दिला; १९७७ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरविला. तरीही बदल थांबला नाही. आयोवाने १९९३ मध्ये व ओक्लाहोमाने १९९५ मध्ये सहा खेळाडूंचा खेळ बंद केला.

निष्कर्ष

ज्या मुलींना संपूर्ण मैदान झेपणार नाही असे मानले गेले, त्यांच्याच लेकी-नाती ती रेषा पुसली जाताच मैदानभर धावू लागल्या. म्हणजेच ती मर्यादा शरीराची नव्हती, नियमाची होती. स्थाननिहाय क्षमतेचे मापन करताना हा इतिहास स्मरणात ठेवणे आवश्यक आहे. एखाद्या मुलीची धाव कमी भरली, तर ती तिची कुवत आहे की तिला नेमून दिलेल्या स्थानाचा परिणाम, हे आधी तपासले पाहिजे. वाढत्या वयात तिला एकाच स्थानाशी जखडून ठेवणे म्हणजे तीच जुनी रेषा पुन्हा आखणे होय.