हिमालयातील विभंगांचा इतिहास
हिमालयातील प्रमुख विभंग एकाच काळी निर्माण झालेले नाहीत. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी भारतीय व यूरेशियन भूपट्टांची टक्कर सुरू झाली आणि उत्तर-दक्षिण दाबाखाली खडकांचे प्रचंड थर एकमेकांवर सरकू लागले. ही हालचाल सुमारे २ कोटी वर्षांपूर्वी मुख्य मध्यवर्ती विभंगावर जोरात होती. आर्नोल्ट हाइम व आउगुस्ट गान्सर यांच्या कुमाऊँमधील पाहणीतून (१९३६) तो ओळखला गेला. पुढे ती दक्षिणेस मुख्य सीमा विभंगाकडे व अखेर शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याकडे सरकली.

तिबेटात प्रतिबलाचे स्वरूपच पालटले. पठार पुरेसे उंचावल्यावर स्वतःच्या वजनाने ते पूर्व-पश्चिम पसरू लागले आणि उत्तर-दक्षिण पसरलेल्या खचदऱ्या निर्माण झाल्या. दाबाने घडलेल्या प्रदेशात ताणाच्या या खुणा प्रथमदर्शनी विसंगत वाटतात. परंतु उंची हेच त्यांचे एक प्रमुख कारण मानले जाते.

पायथ्याशी दाब कायम आहे. नेपाळ हिमालय दरवर्षी सुमारे २ सेंमी. आकसतो. तेथील २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात (महत्ता ७.८) विभंगावरील घसरण भूपृष्ठापर्यंत पोहोचली नाही. त्यामुळे दक्षिणेकडील उथळ भागात साठलेले प्रतिबल मोकळे झाले नाही.