खडी, सुकडी आणि हक्क

बिहारात १८७३-७४ साली दुष्काळ पडला, तेव्हा सर रिचर्ड टेंपल यांनी ब्रह्मदेशातून तांदळाची जहाजे मागवली. माणसे फारशी दगावली नाहीत. पण सरकारी तिजोरी नको तितकी सैल सोडली, असा ठपका मात्र त्यांच्यावर आला. तो त्यांना चांगलाच झोंबला असावा. १८७७ च्या जानेवारीत व्हाइसरॉय लिटन यांनी त्यांना दख्खनच्या दुष्काळाकडे धाडले, तेव्हा हेच टेंपल साहेब दमडी दमडी मोजू लागले होते.

दुष्काळी कामावरच्या पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा, असे त्यांचे गणित होते. पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास. एवढ्यावर उन्हात खडी फोडायची आणि माती वाहायची. मद्रास इलाख्याचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी, इतक्या अन्नावर कष्टाचे काम करणारे शरीर टिकणार नाही, असे बजावले. मुंबई इलाख्यात मजुरांनी स्वतःच उत्तर दिले. मजुरी कापल्यावर हजारोंनी कामे सोडली. पोट खपाटीला गेलेल्या माणसांचा संप! सार्वजनिक काका म्हणजे गणेश वासुदेव जोशी आणि त्यांची पुण्याची सार्वजनिक सभा मजुरांच्या बाजूने उभी राहिली. सभेची माणसे जिल्ह्याजिल्ह्यांतून दुष्काळाची खबर गोळा करत आणि सभा ती सरकारपुढे मांडत असे. धनकवडीला जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी अनाथ मुलांसाठी आश्रम काढला.

या दुष्काळात देशभरात गेलेल्या जिवांचे अंदाज ५० लाखांच्याही पुढे जातात. दौंड-मनमाड रेल्वेची माती याच काळात दुष्काळी मजुरांनी उपसली.

एवढा संहार झाल्यावर सरकारने रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. १८८० मध्ये त्याचा अहवाल आला आणि त्यातून पुढे फॅमिन कोड, म्हणजे दुष्काळ संहिता तयार झाली. यंत्र म्हणून ती संहिता खरोखर हुशारीने रचलेली होती. धान्याचे भाव चढले, चोऱ्या वाढल्या, लोक गाव सोडून भटकू लागले, की अधिकाऱ्याने सावध व्हायचे. मग चाचणीची कामे काढायची. कमी मजुरीवरही लोक आले, तर संकट खरे मानायचे. भूक पारखण्याची ही रीत निष्ठुर होती, पण डोळे मिटून बसण्यापेक्षा बरी. खरी खोट वेगळीच होती. संहितेने कलेक्टरला कर्तव्य सांगितले, उपाशी माणसाच्या हाती मात्र काहीच दिले नाही.

१८९६ च्या दुष्काळात टिळकांनी नेमके इथेच बोट ठेवले. शेतसाऱ्यात सूट आणि तहकुबी मागता येते, कामे मागता येतात, हे ‘केसरी’तून आणि सभेच्या कार्यकर्त्यांकरवी खेड्यापाड्यांत सांगितले गेले. सरकारचेच नियम सरकारला वाचून दाखवणे एवढाच तो उद्योग, पण तोही खपला नाही. १८९७ मध्ये सभेची सरकारदरबारची मान्यता गेली.

महाराष्ट्राला त्यापुढची पायरी चढायला पाऊण शतक लागले. १९७०पासून सलग तीन वर्षे पावसाने दगा दिला. बहात्तरच्या दुष्काळाच्या आठवणी आजही घराघरांत निघतात: अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी, कामावर वाटली जाणारी सुकडी, पाझर तलावांवर पाट्या वाहणाऱ्या बाया. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. पीक बुडाले, जनावरे गेली, पण १८७७ सारखी माणसांची रांग स्मशानाकडे लागली नाही.

या काळात विधान परिषदेचे सभापती होते वि. स. पागे. दुष्काळ नसतानाही मजुराला कामाची हमी हवी, हा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी सांगलीच्या तासगाव तालुक्यात त्यांनी आधीच प्रयोग करून पाहिला होता. रोजगार हमी योजना १९७२ मध्ये आली, कायदा १९७७ मध्ये झाला आणि १९७९ च्या प्रजासत्ताक दिनी लागू झाला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत ते मिळाले नाही, तर बेकारी भत्ता देणे सरकारला भाग होते. भत्ता दिवसाला निदान एक रुपया. रक्कम हसू यावे अशी, पण ती मागणारा आता याचक नव्हता. पैशासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला गेला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून गावच्या बांधाची माती निघू लागली. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यामागे याच हमीचा अनुभव होता.

मजुरीने भूक भागते, विहिरीला पाणी लागत नाही. हे ओळखून पुण्याचे उद्योजक विलासराव साळुंखे यांनी पुरंदरच्या नायगावात पाणी पंचायत उभी केली. पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरता माणशी ठरला. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच. भूमिहीनालाही हिस्सा आणि उसाला सक्त मनाई. राज्याने मात्र हा नियम उचलला नाही. हमी उचलली, कारण तिचा खर्च वाटून घेता येत होता. पाण्याची वाटणी करायची, तर कोणाच्या तरी उसावर हात टाकावा लागला असता. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून पाणी पोहोचवावे लागले. मराठवाड्यात तोवर उसाचे क्षेत्र आणि साखर कारखाने दोन्ही वाढले होते.