सेंट जॉर्ज बुडापेस्ट

सेंट जॉर्ज बुडापेस्ट : ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात हंगेरियन स्थलांतरितांनी १९५७ मध्ये स्थापन केलेला फुटबॉल क्लब. मूळ नाव नुसते ‘बुडापेस्ट’. साठच्या दशकाच्या मध्यास दक्षिण सिडनीतील सेंट जॉर्ज या परिसराचे नाव त्याला जोडले गेले. पुढे राष्ट्रीय साखळी स्पर्धेच्या काळात ‘बुडापेस्ट’ गळाले व ‘सेंट जॉर्ज’ तेवढे उरले. १९७४ च्या विश्वचषकात खेळलेल्या पहिल्या ऑस्ट्रेलियन संघाचे अनेक आधारस्तंभ या क्लबचे होते. १९८३ चे राष्ट्रीय विजेतेपद हे त्याचे सर्वांत मोठे यश मानले जाते. प्रस्तुत नोंदलेखकाच्या मते मात्र त्याचे खरे महत्त्व चषकांच्या कपाटात नसून नावाच्या या प्रवासात आहे.

पार्श्वभूमी : २३ ऑक्टोबर १९५६ रोजी बुडापेस्टमध्ये सोव्हिएत वर्चस्वाविरुद्ध उठाव झाला. ४ नोव्हेंबरला रशियन रणगाडे शहरात घुसले आणि काही दिवसांतच तो चिरडला गेला. सुमारे २ लाख लोक मुख्यतः ऑस्ट्रियाची हद्द ओलांडून देशाबाहेर पडले. त्यांपैकी सुमारे १४ हजार ऑस्ट्रेलियात आले. दुसऱ्या महायुद्धानंतर आलेले हंगेरियन तेथे आधीपासून होतेच.

या लोकांनी सोबत फुटबॉल आणला, यात नवल नाही. हंगेरी हा १९५२ चा ऑलिंपिक विजेता देश. २५ नोव्हेंबर १९५३ रोजी त्याने इंग्लंडला वेम्ब्लीवर ६–३ असे हरवले, तेव्हा युरोपच्या मुख्य भूमीवरील संघाकडून इंग्लंडचा घरच्या मैदानावर झालेला तो पहिलाच पराभव ठरला. १९५४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात मात्र हा संघ पश्चिम जर्मनीकडून २–३ असा हरला. उठावाच्या वेळी बुडापेस्टचा होनवेद क्लब परदेश दौऱ्यावर होता. फेरेन्त्स पुष्काश, शांदोर कोचिश आणि झोल्तान त्सिबोर हे तिघे मायदेशी परतलेच नाहीत. देश आणि संघ अशी दोन्ही घरे एकाच हिवाळ्यात मोडलेल्या माणसांनी नव्या शहरात संघ उभा केला, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याला राजधानीचे नाव का दिले हे वेगळे सांगावे लागत नाही.

मेलबर्न १९५६ आणि भारत : भारतीय वाचकाच्या दृष्टीने महत्त्वाचा असा एक धागा येथे नोंदवणे अगत्याचे आहे. उठाव चिरडला गेल्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत मेलबर्नला ऑलिंपिक सामने भरले. हंगेरीचे पथक तेथे पोहोचले. ६ डिसेंबरच्या वॉटरपोलो सामन्यात त्याने सोव्हिएत संघाला ४–० असे हरवले, तेव्हा एका हंगेरियन खेळाडूच्या डोळ्याखाली जखम होऊन रक्त वाहत होते. फुटबॉलमधून मात्र हंगेरीने माघार घेतली होती. पहिल्या फेरीत त्यांची गाठ पडणार होती भारताशी. सामना न खेळताच भारत पुढच्या फेरीत गेला आणि १ डिसेंबर रोजी यजमान ऑस्ट्रेलियाला ४–२ असे हरवून उपांत्य फेरीत पोहोचला. मुंबईत खेळणाऱ्या गोमंतकीय नेव्हिल डिसोझाने त्या सामन्यात तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमधील आशियाई खेळाडूची ही पहिली हॅट्ट्रिक. सय्यद अब्दुल रहीम यांनी घडवलेला हा संघ अखेर चौथा आला. हंगेरीच्या रिकाम्या जागेतून भारत पुढे गेला, आणि त्याच देशातले निर्वासित पुढल्या वर्षी ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा पाया घालायला बसले. मराठी क्रीडालेखनात या जोडणीकडे सहसा लक्ष गेलेले नाही.

स्थापना व वाढ : १९५७ च्या आरंभी न्यू साउथ वेल्समध्ये जुन्या संघटनेपासून फुटून क्लबांचे नवे महासंघटन झाले. त्यात स्थलांतरितांच्या क्लबांचा जोर होता : हकोआ ज्यूंचा, अपिया इटालियनांचा, पॅन-हेलेनिक ग्रीकांचा, प्राग झेक लोकांचा. बुडापेस्ट याच फळीतला. त्या काळच्या ऑस्ट्रेलियात रग्बी आणि क्रिकेट हे ‘आपले’ खेळ, फुटबॉल परक्यांचा. परके मानल्या गेलेल्यांना क्लब हे भाषेचे, जेवणाचे, सोयरिकीचे आणि नोकरीच्या खबरबातीचेही ठिकाण होते. पुणे–सोलापूर मार्गावरील कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत परप्रांतातून उतरलेला कामगार खोली शोधण्याआधी गाववाला शोधतो. सिडनीच्या हंगेरियनाला तो रविवारी मैदानावर सापडे.

युरोपातील खेळाडू हस्तांतरणाचे पैसे न देता आणल्याच्या वादातून फिफाने १९६० मध्ये ऑस्ट्रेलियाला निलंबित केले. ते १९६३ मध्ये उठले. 

खेळाडू : १९६३ मध्ये जॉनी वॉरन (१९४३–२००४) हा सिडनीतच जन्मलेला मध्यरक्षक क्लबात आला. इंग्रजी भाषक घरातला मुलगा ‘परक्यांच्या’ क्लबात गेला, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. हंगेरियन प्रशिक्षक आणि सहकारी यांच्या सहवासात तो चेंडू ताब्यात ठेवून विचारपूर्वक खेळायला शिकला आणि देशाचा कर्णधार झाला. त्याच्या नेतृत्वाखाली ऑस्ट्रेलियाने १९६७ मध्ये सायगाव येथील स्पर्धा जिंकली. १९७४ मध्ये खेळाडू-प्रशिक्षक या दुहेरी नात्याने त्याने क्लबला राज्याच्या अंतिम सामन्यात विजय मिळवून दिला व खेळातून निवृत्ती घेतली. स्थलांतरितांना, स्त्रियांना आणि समलिंगी पुरुषांना हिणवण्याचे शब्द फुटबॉल खेळणाऱ्यांना कसे चिकटवले जात, हे त्याने २००२ च्या आत्मचरित्रात उघडपणे मांडले. पुस्तकाचे नावच त्या शिव्यांचे आहे.

आत्तिला अबोन्यी हा बुडापेस्टमध्ये जन्मलेला आघाडीपटू आधी मेलबर्न हंगेरियाकडून खेळला. त्या क्लबने १९६७ चा ऑस्ट्रेलिया चषक जिंकला होता. तेथून तो सेंट जॉर्जला आला. हॅरी विल्यम्स हा विश्वचषकात खेळलेला पहिला आदिवासी ऑस्ट्रेलियन. हंगेरियन निर्वासितांच्या क्लबात त्या भूमीच्या मूळ रहिवाशाला जागा मिळाली, याची नोंद ठळकपणे व्हायला हवी.

बचावपटू मानफ्रेड शेफर जन्माने जर्मन. तो पहाटे दूध टाकायचे काम करी आणि मग सरावाला येई. १८ जून १९७४ रोजी हॅम्बुर्गला याच शेफरला पश्चिम जर्मनीच्या गेर्ड म्युलरला रोखायचे होते. ऑस्ट्रेलिया ०–३ अशी हरली. एक गोल म्युलरचा होता. त्याआधी पूर्व जर्मनीविरुद्ध ०–२ असा पराभव झाला होता (याच सामन्यात वॉरन जायबंदी झाला), नंतर चिलीशी ०–० बरोबरी झाली. संघातील बहुतेकांना घरी परतून आपापल्या नोकरीवर रुजू व्हायचे होते.

प्रशिक्षक : १९६९ मध्ये आलेले फ्रँक आरोक हे युगोस्लाव्हियातील हंगेरियन भाषक. त्यांच्या काळात क्लबने १९७१ मध्ये टोकियोत स्पर्धा जिंकली. १९८३ ते १९८९ ते राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक होते.

नावाचा प्रश्न : १९७७ मध्ये ऑस्ट्रेलियाची राष्ट्रीय फुटबॉल साखळी सुरू झाली. तिच्या उभारणीत सेंट जॉर्जचे अलेक्स पोंग्रास आणि हकोआचे फ्रँक लोवी यांचा पुढाकार होता. लोवी यांचे बालपण युद्धकाळात बुडापेस्टमध्येच लपूनछपून गेले होते. साखळीने क्लबांना वांशिक नावे सोडण्यास सांगितले. हकोआचे सिडनी सिटी झाले, पॅन-हेलेनिकचे सिडनी ऑलिंपिक, आणि सेंट जॉर्जचे बुडापेस्ट मागे पडले. या धोरणाविषयी आजही एकमत नाही. सर्वसामान्य प्रेक्षक मैदानावर यावा यासाठी ते आवश्यक होते असे एक मत. ज्यांनी क्लब पोसला त्यांनाच ते दूर लोटणारे ठरले असे दुसरे.

मराठी वाचकाला या वादाच्या दोन्ही बाजू घरच्या अनुभवातून कळू शकतात. मुंबईच्या पंचरंगी क्रिकेट सामन्यांत हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन व इतर असे धर्मवार संघ उतरत. गांधीजींनी १९४० मध्ये त्याला विरोध केला आणि १९४६ मध्ये ते सामने बंद झाले. ते योग्यच झाले. पण कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ या फुटबॉल संघांची नावे काढून त्यांना ‘कोल्हापूर सिटी’ म्हणा असे कोणी सुचवले, तर गॅलरीत काय उरेल? पंचरंगीतली नावे माणसाला जन्माने वाटून देत होती. तालमीचे नाव पेठेने आपल्या घामाने उभे केलेले असते. बुडापेस्ट हे दुसऱ्या प्रकारचे नाव होते, आणि वॉरन, शेफर, विल्यम्स यांना त्याने कधी दारात अडवले नाही. हा प्रश्न पुढे नव्वदीत पुन्हा उपटला; २०१४ मध्ये राष्ट्रीय संघटनेने नावांविषयी औपचारिक निर्बंध घातले आणि २०१९ मध्ये ते मागे घेतले.

मैदान : बार्टन पार्क, बॅन्क्सिया. तेथील सेंट जॉर्ज स्टेडियम पुढे अनेक वर्षे वापराविना पडीक होते.

प्रसारमाध्यमे : लास्लो उर्गे हा १९५७ मध्ये आईवडिलांबरोबर ऑस्ट्रेलियात आलेला हंगेरियन मुलगा. १९८० मध्ये बहुभाषक सरकारी दूरचित्रवाणीवर तो हंगेरियन कार्यक्रमांची उपशीर्षके लिहिण्याच्या कामाला लागला आणि थोड्याच काळात लेस मरे (१९४५–२०१७) या नावाने देशातला सर्वांत ओळखीचा फुटबॉल निवेदक झाला. वॉरन आणि मरे या जोडीने परदेशी फुटबॉल ऑस्ट्रेलियाच्या दिवाणखान्यात नेला.

अखेरचा काळ : १९९०–९१ हा राष्ट्रीय साखळीतील सेंट जॉर्जचा शेवटचा हंगाम, त्यानंतर क्लब राज्यपातळीवर खेळत राहिला. त्या हंगामाचे विजेतेपद साउथ मेलबर्न या ग्रीकांच्या क्लबने मिळवले. त्याचे प्रशिक्षक होते फेरेन्त्स पुष्काश. इंग्रजी त्यांना जेमतेम येई. अथेन्सच्या पानाथिनाइकोसला १९७१ मध्ये युरोपीय चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत नेताना शिकलेल्या ग्रीक भाषेत ते मेलबर्नच्या खेळाडूंशी बोलत. कर्णधार आंगे पोस्टेकोग्लू त्यांना आपल्या गाडीतून सरावाला आणत असे.