कापसाचा धडा ज्वारीला लागू पडतो का?

माहूर तालुक्यात कापूसही पिकतो आणि ज्वारीही. जीएम तृणधान्यांच्या धोक्यांवर वाचायला बसलो, की मला ही दोन पिकं आठवतात.

कापसाचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला मंजुरी मिळाली. अळ्यांमध्ये प्रतिकारशक्ती लवकर येऊ नये म्हणून भोवती बिगर-बीटी ओळी लावायचा नियम होता. बहुतेक ठिकाणी तो कागदावरच राहिला. २०१० मध्ये गुजरातेत गुलाबी बोंडअळी पहिल्या बीटीला दाद देत नसल्याचं जाहीर झालं. २०१७ मध्ये तर दुसऱ्या पिढीचं बीटी असूनही विदर्भ-मराठवाड्यात बोंडं किडली.

मग ज्वारीतही हेच होईल? इथे जरा थांबा. अमेरिकन कापसात ५२ गुणसूत्रं, देशी कापसात २६. त्यामुळे त्यांचा संकर सहजी होत नाही. ज्वारीचं तसं नाही. जॉन्सन गवत हे तिचं रानटी भावंड. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगात १०० मीटरवरच्या या गवताशीही ज्वारीचा संकर झालेला दिसला. तणनाशक सोसणारं जनुक असं गवतात गेलं, तर तण मरणारच नाही. बीटीचा पेरा थांबवता येतो. मातीत पडलेलं तणाचं बी परत बोलावता येत नाही.

भारतात जीएम ज्वारीला अजून मंजुरी नाही, म्हणूनच अभ्यासाला वेळ आहे. प्रस्तावात नुसतं ‘जीएमचे धोके’ लिहू नका. पीक कोणतं, जनुक कोणतं, बांधावर गवत कोणतं आणि ते ज्वारीसोबतच फुलतं का, हे विचारा.