सतरंजी, गायतोंडे आणि पिक्सेल

अकोट म्हटलं की लोकांना कापूस आठवतो, नाहीतर नरनाळा किल्ला. आमच्या घरात मात्र अकोट म्हणजे सतरंजी. सुती, हातमागावर विणलेली, वर्षानुवर्षं टिकणारी. लग्न असो, भजन असो की तेरवी, आधी सतरंजी अंथरायची. तिच्यावर किती पिढ्या बसल्या, पण तिला कोणी 'कला' म्हटल्याचं मला आठवत नाही. असं का, हे शोधत गेलं की गोष्ट थेट मुंबईला पोचते.

1851 च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात हिंदुस्थानी कापड आणि विणकाम पाहून तिकडचे जाणकार थक्क झाले होते. पुढे 1857 मध्ये जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून मुंबईत कलाशाळा सुरू झाली, तीच आपली जे. जे. इथल्या कारागिरीला वळण लावावं हा एक हेतू होताच. पण शिकवायची पद्धत आली विलायतेहून. समोर प्लास्टरचे पुतळे ठेवायचे आणि हुबेहूब उतरवायचे! 1891 मध्ये हस्तकलांसाठी तिथेच रे आर्ट वर्कशॉप निघालं. म्हणजे चित्रकार एकीकडे, कारागीर दुसरीकडे. ही वाटणी आपल्या डोक्यात अजून आहे.

सरकारी ड्रॉइंग परीक्षांनी हेच वळण गावोगाव नेलं. एलिमेंटरी, इंटरमिजिएटला तुमच्यापैकी बरेच जण बसले असतील. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र... संकल्पचित्रात आम्ही चौकोनात फुलं-पानं बसवून सपाट रंग भरायचो. गावातले विणकर हाच हिशेब कागद-पट्टीशिवाय, नुसते धागे मोजून करत होते. 'जा, बघून या' असं मात्र कोणी सांगितलं नाही. ग्रेड मिळाली, डोळा तयार व्हायचा राहिला.

आता किमतीचं बघा. वासुदेव गायतोंडे 1924 मध्ये नागपूरला जन्मले, 1948 मध्ये जे. जे.मधून बाहेर पडले. त्यांच्या नंतरच्या चित्रांत झाड नाही, माणूस नाही. रंगाचे थर, रोलर आणि सुरी, खरवडणं, थांबणं, पुन्हा बघणं. वर्षाकाठी मोजकीच चित्रं व्हायची. 2001 मध्ये ते गेले तेव्हा कलाजगताबाहेर फारशी चर्चाही झाली नाही. डिसेंबर 2013 मध्ये मुंबईच्या लिलावात त्यांचं 1979 चं एक चित्र 23 कोटी 70 लाखांना गेलं. सप्टेंबर 2025 मध्ये 1970 चं एक चित्र 67 कोटींवर पोचलं. चित्रं तीच, आकडे बदलले. मग सौंदर्य कधी वाढलं? आकडा इतकंच सांगतो की ते किती जणांना हवं आहे आणि त्यांच्या खिशात किती आहे. म्हणून 'नुसते रंग फासलेत' म्हणून हसणंही बरोबर नाही, आणि कोटी ऐकून हात जोडणंही नाही.

तिसरी गोष्ट माझ्या भाच्याची. त्याला व्हिडिओ गेमची चित्रं काढायची आहेत. घरात प्रश्न ठरलेला: पोटापाण्याचं काय? प्रश्न खोटा नाही. पण 'ही काय कला आहे का' हा दुसरा प्रश्न जगात अगोदरच होऊन गेला. गेम कधीच कला होऊ शकत नाहीत, असं अमेरिकी चित्रपट-समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी 2010 मध्ये लिहिलं. 2012 मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने चौदा गेम संग्रहात घेतले, त्यात पॅकमॅन आणि टेट्रिसही. आणि 2020 मध्ये पुण्याच्या एका छोट्या चमूने 'राजी' नावाचा गेम आणला. त्याची पार्श्वचित्रं पहाडी लघुचित्रांवरून रंगवलेली.

भाचा संगणकावर एकेक चौकोन भरत बसला होता. तिरपी रेघ जवळून पाहिली तर नुसत्या पायऱ्या. म्हणाला, "मामा, हे त आपल्या सतरंजीवानीच आहे." खरंच होतं! विणकराकडे ताणाबाण्याची चौकट आणि मोजके रंग. जुन्या गेमवाल्याकडेही मोजके चौकोन आणि मोजके रंग. दोघांचं कसब त्या अडचणीतून नक्षी काढण्यात.

लिलाव, ग्रेड, पगार ही सगळी मापं कामाची आहेत. पण मापायला आधी वस्तू दिसावी लागते. अकोटची सतरंजी आपल्याला दिसलीच नाही, म्हणून मांडवात प्लास्टिकचं कार्पेट आलं तेव्हा कोणी हळहळलंही नाही. भाच्याचं काम तरी वेळेत बघू या.

नातेवाईक मंडळींना एक विनंती. माळ्यावर जुनी सतरंजी असेल तर उन्हात घाला, काठाचा फोटो काढा आणि ती कोणी विणली ते घरातल्या म्हाताऱ्यांना आत्ताच विचारून ठेवा. फोटो मला पाठवा. भाच्याला हवे आहेत.