खरेशास्त्र्यांचे बारा खंड

मोठी मालिका वाचणाऱ्यांचे एक ठरलेले दुःख असते. शेवटचा भाग हाती आला की वाचनाचा वेग आपोआप मंदावतो. पुढे काय झाले हे कळावे असे तर वाटते, पण ते संपू नये असेही वाटते. हरिभाऊ आपट्यांचे ‘उषःकाल’ ‘करमणूक’ पत्रातून क्रमशः येत असे, त्या वेळच्या वाचकांची स्थिती अशीच असली पाहिजे. तिकडे विलायतेत कॉनन डॉइलने १८९३ साली शेरलॉक होम्सला धबधब्यात लोटून मोकळे होण्याचा यत्न केला, तर वाचक एवढे खवळले की दहा वर्षांनी त्या बिचाऱ्याला आपला नायक पुन्हा जिवंत करावा लागला.

माझ्या आवडत्या मालिकेत ही सोय नव्हती. तिच्यातली माणसे खरोखरीच जगली होती आणि खरोखरीच मेली होती. ती मालिका म्हणजे वासुदेवशास्त्री खरे यांचा ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’.

जुन्या पत्रांच्या जाडजूड खंडांवर कोणी असा जीव लावतो काय, असे वाचक विचारतील. त्यांनी थोडे थांबावे. खरेशास्त्री मूळचे गुहागरचे, १८५८ चा जन्म. संस्कृतचे अध्ययन त्यांनी आमच्या साताऱ्यास अनंताचार्य गजेंद्रगडकरांपाशी केले आणि पुढे मिरजेच्या शाळेत ते संस्कृतचे शिक्षक झाले. नाटके लिहिली, काव्य केले, नाना फडणविसांचे चरित्र लिहिले. पण मिरजेत त्यांना खरा छंद जडला तो पटवर्धन सरदारांच्या दफ्तरांचा. मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल सोडायचे, एकेक पत्र लावायचे, तिथी जुळवायची, बालबोधीत उतरवायचे, हे काम शाळा सांभाळून त्यांनी वर्षानुवर्षे केले. १८९७ पासून ही पत्रे मासिकाच्या रूपाने बाहेर पडू लागली आणि पुढे त्यांचे खंड झाले. शास्त्रीबुवांच्या हातून असे बारा खंड झाले.

ही पत्रे त्यांनी नुसती रचून ठेवली नाहीत. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी ते आधीची हकीकत सरळ, घरगुती मराठीत सांगतात आणि मग बाजूला होतात. पुढे पत्रे बोलू लागतात. एका पत्रात लढाईची बातमी असते, दुसऱ्यात कर्जाची विवंचना, तिसऱ्यात घरच्या कोणाच्या दुखण्याची चौकशी. पत्र लिहिणाऱ्याला उद्याचे काही ठाऊक नसते. आपल्याला सगळे ठाऊक असते. सारी गोडी, आणि सारी हुरहूर, याच एका गोष्टीत आहे.

मी साताऱ्यास असताना पहिला खंड घरी आणला तो केवळ पानिपतानंतर काय झाले या उत्सुकतेने. महिन्याभरात आमच्या घरात पटवर्धन नांदू लागले. आई चुलीपाशी चकल्या तळीत असे आणि मी उंबऱ्यावर बसून तिला वाचून दाखवीत असे. १७६३ साली राघोबादादांनी मिरज घेतली आणि गोपाळराव पटवर्धन रागाने निजामाला जाऊन मिळाले, हे ऐकून ती झारा हातात धरून थांबली. “घरच्याच माणसाने घर घेतले, मग तो बाहेर जाईल नाही तर काय करील?” ती म्हणाली. माधवरावांनी पुढे गोपाळरावांना जवळ केले, मिरज परत दिली, तेव्हा कोठे तिचे समाधान झाले. त्यानंतर तिचा रोजचा प्रश्न ठरून गेला, “काय रे, पटवर्धनांचे आज काय?”

एकदा मात्र उत्तर देणे कठीण झाले. १७७७ च्या आरंभी सौंशीला हैदराच्या फौजेशी लढाई झाली. कोन्हेरराव पटवर्धन पडले आणि त्यांचे चुलतभाऊ पांडुरंगराव शत्रूच्या हाती सापडले. चार-पाच दिवस आई रोज विचारी, “सुटला का रे तो?” पांडुरंगराव सुटले नाहीत. त्याच वर्षी श्रीरंगपट्टणास कैदेतच त्यांचा अंत झाला. मी ते सांगितले, तेव्हा तिने विचारले, “मुले किती लहान होती?” थोरले हरिहरराव, ते १७८२ साली वारले. मागे राहिले चिंतामणराव. त्यांचे वय तेव्हा जेमतेम सहा-सात वर्षांचे. कारभार चुलते गंगाधरराव पाहू लागले.

पुढे नोकरीनिमित्त मला सांगलीस जावे लागले. तेथे उरलेले खंड एकाच ठिकाणी मिळेनात. एक या वाचनालयात, दुसरा त्या गृहस्थाच्या कपाटात, असा शोध करीत गेलो. त्यामुळे शेवटच्या तीन-चार खंडांना मला कित्येक वर्षे लागली, आणि खरे सांगायचे तर त्या विलंबाचे मला दुःख झाले नाही. मिरज जेमतेम दहा किलोमीटरांवर. ज्या गावात शास्त्रीबुवांनी ते रुमाल सोडले, त्या गावात रविवारी जाऊन नुसते हिंडून यावे, यातही एक सुख होते.

शेवट जसजसा जवळ येऊ लागला, तसतशी पाने जड होऊ लागली. १७९५ मध्ये खर्ड्याचा विजय आणि त्याच वर्षी सवाई माधवरावांचा मृत्यू. १७९९ मध्ये परशुरामभाऊ कोल्हापूरकरांशी लढताना पट्टणकुडीस पडले. १८०० मध्ये नाना गेले. आणि १८०१ मध्ये, एवढ्या परचक्रांतून तगलेल्या घराची चुलत्या-पुतण्यांत वाटणी झाली. गंगाधररावांकडे मिरज राहिली. चिंतामणराव निघाले आणि त्यांनी सांगली आपली राजधानी केली. श्रीरंगपट्टणच्या कैदेत मेलेल्या बापाचा तो पोरका मुलगा! ज्या सांगलीत बसून मी हे वाचीत होतो, तिचे भाग्य त्या घराच्या दुफळीतून उघडले होते. आनंद मानावा की खेद, हे मला कळेना. साताऱ्यास गेलो तेव्हा आईला हे सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “घर मोडले, पण पोराने गाव वसवले हो!”

बारावा खंड मिटला तेव्हा आणखी एक गोष्ट ध्यानात आली. कादंबरीकार आपल्या कथेला शेवट देतो; शास्त्रीबुवांना तो देता आला नाही. १९२४ साली मिरजेसच ते वारले, आणि रुमाल अजून संपले नव्हते. पुढचे खंड त्यांचे चिरंजीव यशवंतराव यांनी काढले. बापाने लावलेली पत्रांची ओळ मुलाने पुढे नेली. इतिहासाची मालिका संपते ती अशी, एका हातून दुसऱ्या हाती जाऊन. होम्सला त्याच्या लेखकाने परत आणले. पांडुरंगरावांना आणि कोन्हेररावांना शास्त्रीबुवांनी परत आणले ते त्यांच्याच अक्षरांतून. ते कागद हाती लागले नसते तर त्यांची नावे तेवढी उरली असती, आणि त्यांच्यासाठी साताऱ्याच्या एका स्वयंपाकघरात कोणी हळहळले नसते.

कागदाचे आयुष्य किती नाजूक असते, हे आम्ही सांगलीकरांनी डोळ्यांनी पाहिले आहे. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचे पाणी गावात शिरले आणि सांगली नगर वाचनालयाची हजारो पुस्तके भिजून गेली. छापलेल्या पुस्तकाची दुसरी प्रत कोठे तरी सापडते. हाताने लिहिलेल्या पत्राला दुसरी प्रत नसते.

म्हणून दिवाळीच्या निमित्ताने एवढेच मागणे आहे. घराची झाडलोट करताना माळ्यावरच्या एखाद्या पेटीत मोडी कागदांचा रुमाल निघाला, तर वाचता येत नाही म्हणून तो रद्दीत घालू नका, नदीतही सोडू नका. कोरड्या जागी ठेवा आणि मोडी जाणणाऱ्या कोणाला तरी दाखवा. त्यात बहुधा जमिनीचा हिशेब निघेल. पण कोणी सांगावे, दोनशे वर्षांपूर्वी कोणी तरी आपल्या माणसाला “प्रकृतीस जपावे” असे लिहिले असेल, आणि ते वाचणारे अजून कोणी भेटलेलेच नसेल.