परदेशी औषधाची व्यापारी नावावरून ओळख

परदेशात विकल्या जाणाऱ्या औषधाच्या व्यापारी नावाचा माग काढून त्यातील मूळ द्रव्य, मात्रा व उपयोग निश्चित करण्याची पद्धत. रुग्ण दुसऱ्या देशात जातो, नातेवाईक औषधे घेऊन येतात किंवा बेशुद्ध प्रवाशाच्या खिशात अनोळखी स्ट्रिप सापडते, तेव्हा डॉक्टर व फार्मासिस्ट यांना हे काम करावे लागते.

व्यापारी नाव कंपनी ठरवते आणि ते देशागणिक बदलते. तापावरचे पॅरासिटामॉल भारतात क्रोसिन किंवा डोलो, फ्रान्समध्ये डोलिप्रान, इटलीत ताकिपिरिना, तर अमेरिकेत टायलेनॉल म्हणून मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने १९५० मध्ये द्रव्यांना आंतरराष्ट्रीय नावे देण्याचे ठरवले व त्यांची पहिली यादी १९५३ मध्ये निघाली. या नावांच्या शेपटावरून औषधाचा गट कळतो: ‘-प्रिल’ व ‘-सार्टन’ रक्तदाबाची, ‘-प्राझोल’ आम्लपित्ताची, ‘-ग्लिप्टिन’ मधुमेहाची. अमेरिकेत काही नावे तरीही निराळी आहेत. पॅरासिटामॉलला तिथे अॅसिटामिनोफेन म्हणतात, सल्ब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल. तिथे मुलांकडे गेलेल्या आईवडिलांना दम्याचा अस्थालिन (सल्ब्युटामॉल) पंप संपल्यावर अल्ब्युटेरॉल लिहून घ्यावे लागते.

वेगळ्या नावांपेक्षा सारखे नाव जास्त घातक ठरते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २००६ मध्ये याविषयी जाहीर इशारा दिला. डिलाकॉर म्हणजे तेव्हा अमेरिकेत डिल्टियाझेम, रक्तदाब व हृदयशूळ यांवरचे औषध. सर्बियात त्याच नावाने डिगॉक्सिन मिळत होते. तिथे अमेरिकी चिठ्ठीवर डिलाकॉर विकत घेतलेल्या प्रवाशाला डिगॉक्सिनची गंभीर विषबाधा झाली. फ्लोमॅक्स अमेरिकेत प्रोस्टेटच्या त्रासावर देतात, इटलीत हे नाव एका दाहशामक औषधाचे होते. अशा वेळी मात्रेचा आकडा जीव वाचवू शकतो. डिल्टियाझेमची दीर्घकाळ काम करणारी कॅप्सूल १२०, १८० किंवा २४० मि.ग्रॅ.ची असते, डिगॉक्सिनची गोळी साधारण ०.२५ मि.ग्रॅ.ची. नाव जुळले पण आकड्यात शेकडो पटींचा फरक दिसला, तर गोळी घेऊ नये. युरोपातील अनेक देशांत दशांश चिन्हाऐवजी स्वल्पविराम छापतात, हेही ध्यानात असावे.

म्हणून खोक्यावर मोठ्या अक्षरातले नाव वाचून थांबू नये. युरोपीय संघात बहुतेक औषधांच्या खोक्यावर व्यापारी नावाखाली द्रव्याचे नाव छापावेच लागते. ताकिपिरिनाच्या खोक्यावर ‘पाराचेतामोलो’ असते. रशियन माहितीपत्रकात औषधांच्या जागतिक वर्गीकरणाचा संकेतांक मिळतो. पॅरासिटामॉलचा संकेतांक एन०२बीई०१, आणि तो कोणत्याही भाषेत बदलत नाही. लिपी वाचता येत नसेल तेव्हा हाच सर्वांत भरवशाचा धागा. शोधासाठी लंडनमध्ये १८८३ साली प्रथम निघालेला मार्टिनडेल हा औषधकोश देशोदेशींची व्यापारी नावे देतो. फ्रान्ससाठी विदाल, जर्मनीसाठी रोटे लिस्टे. त्या देशातील कोश पाहिल्याशिवाय नुसत्या इंटरनेटवर नाव टाकून निर्णय घेऊ नये, कारण समोर येणारे उत्तर भलत्याच देशातले असू शकते.

औषध ओळखले तरी ते जसेच्या तसे मिळेलच असे नाही. भारतातील अॅनाल्जिन हेच स्पेनमधील नोलोटिल. रक्तातील पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटू शकतात म्हणून अमेरिकेने ते १९७७ मध्ये बाजारातून काढले. भारतातील संयुक्त गोळ्यांची अडचण याहून मोठी आहे. दोनतीन औषधे एकत्र असलेली आपली गोळी परदेशी केमिस्टकडे बहुधा नसते, तेव्हा प्रत्येक घटक व त्याची मात्रा वेगवेगळी लिहून न्यावी लागते.

सुट्या गोळीचे काम सर्वांत अवघड. अमेरिकेत गोळी-कॅप्सूलवर ओळखखूण कोरणे किंवा छापणे बंधनकारक असल्याने तिथली गोळी खुणेवरून शोधता येते. खूण नसेल तर रंग व आकार यांवरून केलेला अंदाज ओळख धरू नये. मुलाने अशी गोळी गिळली असल्यास ओळख पटेपर्यंत थांबू नये. गोळी व रिकामे पाकीट घेऊन तातडीने रुग्णालय गाठावे. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र डॉक्टरांना व नागरिकांना दूरध्वनीवर सल्ला देते.